धुतलेला स्वेटर

ग्रेल्बी गावात कुणाच्या कपड्यावर डाग पडला की तो आधी ऑड्री स्क्रिमशॉच्या दारात यायचा. नवरीच्या झग्यावर सांडलेली लाल वाइन, बाप्तिस्म्याच्या अंगरख्यावर पणजीच्या काळापासून बसलेला पिवळा ठिपका, क्रिकेटच्या पांढऱ्या पँटवर घासलेलं गवत. ऑड्री तो कपडा खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायची, डागाकडे असं बघायची की जणू तो तिला उलट बोलला आहे, आणि म्हणायची, "ठेवा. बघते त्याच्याकडे."

लाउथच्या मुलींच्या निवासी शाळेत धुलाईखाना सांभाळण्यात तिचं आयुष्य गेलं. निवृत्त झाली, पण हात काही निवृत्त झाले नाहीत. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर ती तो शर्ट त्याच्या अंगात असतानाच उलटून बघे.

"एक दिवस मलाच रात्रभर भिजत घालशील तू," टेड म्हणायचा.

"घातलं असतं. पण मळ निघाला तर खाली काही उरेल याची खात्री नाही."

टेडने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात ट्रॅक्टर चालवला. त्या शेताच्या मधोमध महायुद्धातला विमानतळ होता. युद्ध संपल्यावर धावपट्टीचं काँक्रीट बरंचसं उखडून रस्त्यांना गेलं, उरलेल्या जागी बीट आणि बार्ली आली. पण नांगर घातला की अजून काहीतरी वर यायचंच. वाकलेला पत्रा, बंदुकीच्या गोळ्यांची पुंगळी, एकदा तर प्रोपेलरचं अख्खं पातं. टेड ते ट्रॅक्टरमागे घालून रेग टॉयनकडे न्यायचा. रेग हा गावचा निवृत्त पोस्टमास्तर. त्याने आणि त्याच्यासारख्या आणखी चार-पाच जणांनी मिळून पडका कंट्रोल टॉवर भाड्याने घेतला, खिडक्यांना काचा बसवल्या, शेजारची पत्र्याची अर्धगोल बरॅक रंगवली आणि रस्त्यावर पाटी लावली. ईस्टर ते ऑक्टोबर, दर रविवारी, म्युझियम उघडं.

ऑड्रीकडे दोन कामं होती. बरॅकमध्ये चहा आणि लोणी लावलेला मनुकांचा पाव देणं, आणि साफसफाई. साफसफाईच्या बाबतीत रेगने पहिल्याच वर्षी एक नियम घालून दिला होता.

"इंजिनाला फडकं लावायचं नाही, ऑड्री."

"अरे, काळं झालंय ते."

"तो इतिहास आहे."

"तो ओंगळपणा आहे."

"मग ओंगळ इतिहास समज. पण हात लावू नकोस."

तिने कधी लावला नाही. इंजिनं पुरुषांची, तेलही पुरुषांचं. कपड्यांबद्दल मात्र कुणी काही बोललं नव्हतं. आणि कपड्यांबद्दल आपल्याला कुणी सांगावं लागेल, असं ऑड्रीच्या स्वप्नातही आलं नसतं.

त्या वर्षी मार्चमध्ये रेगच्या कमरेत उसण भरली. तो अंथरुणाला खिळला आणि ईस्टरच्या आधीच्या मोठ्या सफाईसाठी किल्ल्यांचा जुडगा ऑड्रीकडे आला. टॉवरच्या वरच्या खोलीत काचेच्या एका कपाटात एक पांढरा, उंच गळ्याचा लोकरी स्वेटर लाकडी खांद्यांवर घातलेला होता. खाली रेगच्या नेटक्या अक्षरातली चिठ्ठी होती: सार्जंट क्लेमंट ओडलिंग, विमानाच्या शेपटीतला गनर. बहिणीने विणलेला. पांढरा म्हणायचा एवढंच. कॉलर तपकिरी पडली होती, मनगटं काळपट. आणि काखेजवळ तिला ती दिसली, कसर. लोकर खाऊन केलेली बारीक भोकं आणि त्यांच्या कडेला चिकटलेली पांढरट जाळी.

धुलाईखान्यातल्या कुठल्याही बाईला माहीत असतं की कसर मळक्या लोकरीलाच लागते. ऑड्रीने एक क्षणही विचार केला नाही. स्वेटर टॉवेलात गुंडाळून तिने घरी नेला. कोमट पाण्यात साबणाचा चुरा विरघळवला आणि लोकर न चोळता, फक्त दाबत दाबत, तान्ह्या बाळाला अंघोळ घालावी तशी धुतली. पहिलं पाणी चहासारखं निघालं. ते तिने मोरीत ओतलं. दुसरंही ओतलं. पाणी नितळ येईपर्यंत ती ओतत राहिली, आणि खरं सांगायचं तर तिला तेव्हा फार बरं वाटत होतं. मग स्वेटर पलंगावर चादर घालून सपाट वाळवला आणि तशाच रंगाची लोकर शोधून भोकं रफू केली. रफू असं जमलं होतं की तिला स्वतःलाही ते बोटाने चाचपून शोधावं लागलं. टेड दारात उभा राहून म्हणाला, "त्या पोराला सार्जंटचा ऑफिसर केलास की तू."

ईस्टरला म्युझियम उघडलं. रेग काठी टेकत जिना चढला, कपाटासमोर थांबला आणि म्हणाला, "काचा भारी पुसल्यास यंदा." ऑड्री हसली. स्वेटरबद्दल ती मुद्दाम काही बोलली नाही. चांगल्या कामाचा गवगवा करू नये, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं.

मे महिन्यात, एका शुक्रवारी, रेग चहाच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "वरच्या कपाटाची किल्ली जुडग्यातून काढून ठेव गं. रविवारी मिस ओडलिंग येणार."

मिस हेस्टर ओडलिंग दर वर्षी यायच्या. हॉर्नकासलला पियानो शिकवायच्या. उंच, ताठ, डोक्यावर हिरवी टोपी. भावाचं विमान ज्या दिवशी या पट्टीवरून उडालं आणि परत आलं नाही, त्या दिवसाच्या जवळचा रविवार त्या गाठायच्या. ऑड्री त्यांना दरवेळी चहा द्यायची आणि त्या दरवेळी "आभारी आहे, मिसेस स्क्रिमशॉ" म्हणायच्या. त्यापलीकडे ओळख नव्हती.

"किल्ली कशाला?" ऑड्रीने विचारलं.

रेगने पाइप तोंडातून काढला. "कुणाला सांगू नकोस. मी त्यांना तो स्वेटर काढून देतो. त्या त्यात तोंड खुपसून बसतात थोडा वेळ. म्हणतात, क्लेम अजून आहे त्यात. वास गं, त्याचा वास. आईने कधी धुवू दिला नाही म्हणे. नवा विजेवर तापणारा सूट मिळाला म्हणून तो हा पलंगावर टाकून गेला होता. सामानाबरोबर घरी आला तो तसाच कागदात गुंडाळून ठेवला. लहान घरात राहायला गेल्या तेव्हा आम्हाला दिला. एकच अट घातली, धुवायचा नाही. मी बाहेर जिन्यावर जाऊन उभा राहतो तेवढा वेळ. बघवत नाही मला." तो थांबला. "अगं, काय झालं तुला?"

ऑड्रीने किटली खाली ठेवली. 

"रेग, मी तो धुतला."

"काय धुतलंस?"

"स्वेटर. मार्चमध्ये. कसर लागली होती."

रेग खुर्चीवर बसला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता पाइपकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मीच कुणाला बोललो नाही. म्हटलं, म्युझियममधली वस्तू कोण कशाला धुवेल?"

घरी टेडनेही तेच लावून धरलं. "रेगने सांगायला हवं होतं. तुझी काय चूक? तुला मळकं काही दिलं की तू धुणार. हे गावातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे."

"तू गप्प बस."

"आणि वास कसला राहणार इतक्या वर्षांनी? त्यांच्या मनातच असेल तो."

ऑड्री मोरीशी उभी होती. वास मनातला नव्हता, हे एकट्या तिलाच माहीत होतं. कोमट पाणी लोकरीत शिरलं तेव्हा तिच्या तोंडावर काहीतरी उबदार आलं होतं. जिवंत माणसाजवळ गेल्यावर येतं तसं. आणि तिने खिडकी उघडली होती.

शनिवारी दुपारी टेड आणि रेग दोघं तिला टॉवरच्या खालच्या कार्यशाळेत घेऊन गेले. त्यांचं आधीच काहीतरी ठरलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यांवरूनच कळत होतं. बाकावर इंजिन ऑइलची बाटली, केसांना लावायच्या क्रीमची डबी आणि रेगची तंबाखू होती.

"सगळी पोरं एकच क्रीम लावायची," टेड म्हणाला. "तेलात तर सगळीच लडबडलेली असायची. थोडं कॉलरला, थोडं बाहीला. रेग धूर सोडेल. म्हातारीला कळणारही नाही."

"आणि तो पाइप ओढत होता कशावरून?"

"तेव्हा सगळे सगळं ओढायचे," रेग म्हणाला, पण त्याचा आवाज पडला होता. "ऑड्री, त्यांची दृष्टी गेलीय यंदा. शेजारणीने फोनवर सांगितलं. दिसत नाही म्हटल्यावर त्यांना उरलाय तो हा वासच तेवढा."

ऑड्री नाही म्हणाली. दोनदा म्हणाली. मग टेडने बोट तेलात बुडवलं आणि ते सरळ स्वेटरच्या छातीवर टेकवायला निघाला, तेव्हा तिच्याच्याने राहवलं नाही. "तिथे नको! दिसेल ते." तिने स्वेटर त्याच्या हातून घेतला, कॉलर उलटी केली, कापसाच्या बोळ्यावर थेंबभर तेल घेऊन आतल्या शिवणीला लावलं. क्रीमही तिनेच लावली. रेगने धूर सोडला तेव्हा बाह्या ताणून तिनेच धरल्या. आयुष्यभर डाग काढणारे आपले हात डाग घालताहेत, आणि तेही किती सफाईने, हे ती बघत होती.

रविवारी सकाळी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर पापांची कबुली म्हणताना तिची जीभ टाळ्याला चिकटली. शेजारची बाई म्हणाली, "घसा बसलाय का गं?" ऑड्रीने मान हलवली.

दुपारी मिस ओडलिंगच्या शेजारणीची छोटी निळी गाडी फाटकाशी थांबली. मिस ओडलिंग पांढरी काठी घेऊन उतरल्या. टोपी तीच होती. "तासाभराने येते हं, हेस्टर," असं म्हणून शेजारीण गेली. रेग पुढे झाला. ऑड्रीने चहाचं टेबल दुसऱ्या बाईवर सोपवलं आणि ती त्यांच्या मागोमाग जिना चढली.

"तू कशाला?" रेग कुजबुजला.

"किल्ली माझ्याकडे आहे."

वरच्या खोलीत मिस ओडलिंग खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या, हातमोजे काढून पिशवीत ठेवले आणि दोन्ही हात पुढे केले. देवळात प्रसाद घेताना करतात तसे. रेगने स्वेटर त्यांच्या हातात दिला आणि सवयीप्रमाणे जिन्यावर गेला. ऑड्री कपाटाशी उभी राहिली. आपण खोलीत आहोत हे त्यांना माहीत नाही, हे तिच्या लक्षात आलं, पण ती गेली नाही.

मिस ओडलिंगनी चेहरा लोकरीत बुडवला. बराच वेळ त्या तशाच होत्या. मग त्यांनी चेहरा वर काढला, जरा वळवला, पुन्हा कॉलरपाशी नेला. लहान मूल वाटीत तळाशी काही उरलंय का बघतं तसं चाललं होतं.

"मिस्टर टॉयन?" त्यांनी हाक मारली.

रेग दारात आला. "बोला, मिस ओडलिंग."

"क्लेम पाइप ओढायचा का हो?"

रेगचा हात खिशातल्या पाइपवर गेला.

"तंबाखूचा वास येतोय. मला वाटत होतं, तो ओढत नाही. त्याची छाती नाजूक होती, आई धूर करू द्यायची नाही घरात. पण इथे आल्यावर लागला असेल. लिहिलंही असेल त्याने मला." त्यांनी कपाळावर हात फिरवला. "आणि बाकीचा तो कुठे गेला? दर वर्षी लगेच यायचा. मलाच येईनासा झाला वाटतं. डोळे गेले तेव्हा म्हटलं, जाऊ देत. पण हे... मी विसरत चाललेय त्याला. तो ओढायचा की नाही हेसुद्धा मला सांगता येत नाही, बघा."

"तो जुना कपडा आहे," रेग चाचरत म्हणाला. "हवा दमट होती यंदा. खाली कार्यशाळेत टांगला होता, तर तिथलाच..."

"तो ओढत नव्हता," ऑड्री म्हणाली.

मिस ओडलिंगनी मान तिच्याकडे वळवली. "कोण?"

"ऑड्री स्क्रिमशॉ. चहा देते ती. तुम्हाला बरोबर आठवतंय, मिस ओडलिंग. ती तंबाखू रेगची आहे. आम्ही काल लावली. तेलही लावलं, क्रीमही लावली. कारण मी तो स्वेटर धुतला. मार्चमध्ये, माझ्या घरी. कसर लागली होती म्हणून. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी विचारलंही नाही कुणाला."

खाली बरॅकमध्ये कुणीतरी हसलं. कपबशा वाजल्या.

"म्हणजे तो ओढत नव्हता," मिस ओडलिंग म्हणाल्या.

"नाही."

"मग मला नीट आठवत होतं." त्यांनी श्वास सोडला. आणि मग ऑड्रीने पाहिलं, ती दुसरी गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागला. त्यांची बोटं स्वेटरवरून चालू लागली, काखेपाशी थांबली. "हे टाके माझे नाहीत."

"रफू केलंय तिथे. माझे आहेत."

"सुरेख आहेत." कौतुक नव्हतं ते, रागही नव्हता. डॉक्टर जखम बघून बोलतो तसं काहीतरी होतं. मग त्या म्हणाल्या, "पाण्यात घातलात तेव्हा वास आला असेल."

"आला."

"कसला?"

ऑड्रीने तोंड उघडलं, पण मिस ओडलिंगनी तिला बोलू दिलं नाही.

"ओली लोकर, ते सोडा. ते मला माहीत आहे. बाकीचा. कॉलरपाशी पेपरमिंट होतं का? उडताना तो गोळ्या चघळायचा, पोट ढवळायचं त्याचं. होतं ना पेपरमिंट?"

'होतं' म्हणायला काहीच लागत नव्हतं. एक शब्द. रेग दारातून तिच्याकडे बघत होता, 'होतं' म्हण, असं डोळ्यांनी सांगत होता. त्या बाईच्या भावाजवळ या जगात शेवटचं कुणी गेलं असेल तर ती ऑड्री होती, आणि त्याला ओळखणारी एकुलती एक बाई हात पुढे करून बसली होती. ऑड्रीने डोळे मिटून ते पाणी आठवून पाहिलं. तिला त्याचा रंग आठवला. मोरीत फिरत गेलेला भोवरा आठवला. उघडलेली खिडकी आठवली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "काहीतरी होतं. उबदार होतं. पण माझं लक्ष मळाकडे होतं, मिस ओडलिंग. मी लक्षच दिलं नाही."

 मिस ओडलिंगनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पांढऱ्या केसांतल्या पिना एकेक चाचपल्या. मग स्वेटर दोन्ही हातांनी वर उचलून त्यांनी सरळ डोक्यातून घातला. गळा कपाळावर अडकला. रेग मदतीला पुढे झाला, तर आतून आवाज आला, "असू द्या." शेवटी डोकं बाहेर आलं. केस विस्कटलेले होते आणि चेहरा लाल झाला होता. बाह्या बोटांपलीकडे लोंबत होत्या. चांगल्या रेशमी ब्लाउजवर, मेच्या उन्हात, त्या तो मोठा स्वेटर घालून बसल्या.

"मिस ओडलिंग," रेग म्हणाला, "तो आमच्या यादीत, म्हणजे समितीला विचारल्याशिवाय..."

"विचारा. मी घरीच असते." त्या उठल्या. "कुणाचा वास लागायचाच असेल तर आता माझा लागू दे. चिठ्ठी ठेवा तुम्ही."

रेगने ऑड्रीकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

जिना उतरताना त्यांना आधार हवा होता. रेगची कंबर अजून धड नव्हती, म्हणून त्यांनी ऑड्रीचा दंड धरला. कुणाचा धरलाय हे त्यांना माहीत होतं, आणि तरी धरला, हे ऑड्रीला त्या पकडीवरून कळत होतं. फाटकापर्यंतची वाट जुन्या धावपट्टीवरून होती. काँक्रीटच्या भेगांत गवत होतं. "इथे भेग आहे," "इथे उंचवटा आहे," एवढंच ऑड्री बोलली. चहा विचारायचं धैर्य तिला झालं नाही. बरॅकच्या दारात टेड बशी घेऊन उभा होता. त्याने स्वेटर पाहिला आणि टोपी काढली.

गाडी आली. शेजारणीने आतून दार उघडलं. "अगं बाई, हेस्टर! हे काय घातलंस? उकडत नाही का?" मग तिने हवा हुंगली. "आणि पाइपचा वास कुठून येतोय?"

"या स्वेटरला आहे," मिस ओडलिंग आत बसत म्हणाल्या.

ऑड्री दाराशी वाकली होती. घरी न्या आणि कोमट पाण्यात, नाहीतर मलाच द्या, मी फक्त तेवढी तंबाखू काढून देते, बाकी कशालाही हात लावणार नाही, हे सगळं तिच्या ओठांशी येऊन उभं राहिलं. कॉलरच्या आत कुठे तेल लावलंय हेही तिला बरोबर ठाऊक होतं.

"जाईल तो हळूहळू," मिस ओडलिंग म्हणाल्या. शेजारणीला म्हणाल्या की आणखी कुणाला, ते कळलं नाही. "त्याला काही करायचं नाही."

ऑड्रीने हात मागे घेतले, एप्रनच्या खिशात घातले आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत ते तिथेच दाबून धरले.